दोन हजारांचा हप्ता अडकतो कुठे

केंद्राच्या पीएम किसान योजनेचा हप्ता सुटल्याची बातमी आली की दुसऱ्या दिवशी सकाळी बँकेच्या दारात रांग लागते. पासबुक छापून घ्यायचं. आकडा दिसला तर ठीक, नाही दिसला तर तलाठी, तिथून तालुक्याचं कृषी कार्यालय, तिथून पुन्हा बँक. प्रत्येक खेपेला एसटीचं भाडं जातं आणि एक दिवसाची मजुरी बुडते. तीन खेपा झाल्या की दोन हजारांतले निम्मे तरी वाटेतच संपतात. आमचं गाव मराठवाड्यातलं, कोरडवाहू, सोयाबीन-तुरीचं. तिथे शेजारपाजारचे अडकलेले हप्ते मार्गी लावताना एक गोष्ट आम्हाला पक्की कळली: पैसा नेमका कुठे थांबलाय हे घरी बसून दहा मिनिटांत दिसतं, आणि ते पाहिल्याशिवाय कोणत्याही कार्यालयाची पायरी चढू नये.

योजना सगळ्यांना माहीत आहे, तरी तिचा हिशेब नीट डोक्यात असावा. वर्षाला ६,००० रुपये, २,००० चे तीन हप्ते. एप्रिल ते जुलै हा एक काळ, ऑगस्ट ते नोव्हेंबर दुसरा, डिसेंबर ते मार्च तिसरा. २४ फेब्रुवारी २०१९ ला योजनेची सुरुवात झाली, पण हिशेब १ डिसेंबर २०१८ पासून धरला. सुरुवातीला दोन हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्यालाच पैसे होते. जून २०१९ मध्ये ती अट गेली. म्हणून 'तुमची जमीन जास्त आहे' असं कुणी आज सांगितलं तर ते जुनं झालं. महाराष्ट्रात नमो शेतकरी महासन्मान निधीचे आणखी ६,००० मिळतात. त्याचा पहिला हप्ता २६ ऑक्टोबर २०२३ ला शिर्डीतून सुटला. नमोसाठी वेगळा अर्ज नसतो. केंद्राच्या यादीवरूनच राज्य आपली यादी काढतं, त्यामुळे पीएम किसान अडकलं की नमोही अडकतं. वर्षाचे १२,००० एका गाठीत बसलेले असतात.

आता ती गाठ शोधायची कशी. पीएम किसानच्या संकेतस्थळावर 'नो युवर स्टेटस' असं बटण आहे. तिथे नोंदणी क्रमांक लागतो. आपल्याकडचे क्रमांक 'एमएच' या अक्षरांनी सुरू होतात. क्रमांक हरवला असेल तर त्याच पानावरून मोबाइल किंवा आधार टाकून तो परत मिळतो. तो एकदा मिळाला की घरातल्या भिंतीवर नाही, पासबुकाच्या आतल्या पानावर लिहून ठेवावा. भिंत रंगवली जाते.

स्टेटस उघडलं की सगळे हप्त्यांची यादी आधी बघतात. नजर वरच्या भागाकडे न्यावी. तिथे तीन ओळी असतात: लँड सीडिंग, ई-केवायसी आणि आधार-बँक सीडिंग. तिन्हींपुढे 'येस' पाहिजे. जिथे 'नो' आहे तिथेच जायचं, दुसरीकडे नाही. लँड सीडिंग 'नो' असेल तर बँकेत जाऊन काही उपयोग नाही. बँक सीडिंग 'नो' असेल तर तलाठ्याला कितीही विनवण्या केल्या तरी तो ते बदलू शकत नाही. इतकं साधं आहे, पण बहुतेक खेपा याच चुकीत वाया जातात.

ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पटवणं, सगळ्यात सोपी. आधारला मोबाइल जोडलेला असेल तर ओटीपीने दोन मिनिटांत होते. जोडलेला नसेल तर सेवा केंद्रात बोटाचा ठसा, नाहीतर पीएम किसानच्या मोबाइल ॲपवर चेहरा दाखवून. कापूस वेचणीच्या दिवसांत बायकांची बोटं चिरलेली असतात, ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या रेषा झिजलेल्या असतात; ठसा पाच-पाच वेळा नाकारला जातो. अशा वेळी चेहऱ्याचा मार्ग धरावा. त्यासाठी 'आधार फेस आरडी' हे दुसरं ॲपही मोबाइलमध्ये लागतं, ते नसेल तर पहिलं ॲप पुढे सरकतच नाही. माणसाला घराबाहेर ओसरीत बसवावं, उजेड तोंडावर यावा, पाठीमागे उन्हाची तिरीप नको, चष्मा काढावा, आणि सूचना आली की डोळे सावकाश मिटून उघडावेत. ज्याचा मोबाइल चांगला आहे त्याने त्यावरून शेजाऱ्यांचंही करून द्यावं, तशी सोय ॲपमध्येच आहे.

लँड सीडिंग म्हणजे तुमची जमीन आणि तुमची योजनेतली नोंद यांची गाठ सरकारने बांधली आहे का. इथे 'नो' येण्याची कारणं वेगवेगळी असतात. सगळ्यात जास्त दिसतं ते क्षेत्र आणि क्रमांकाची गफलत. नोंदणीचा अर्ज देशभर एकच आहे, त्यात 'सर्व्हे किंवा खाता नंबर' आणि 'डाग किंवा खसरा नंबर' असे रकाने आहेत. डाग आणि खसरा हे शब्द आपल्याकडचे नव्हेत. पहिल्या रकान्यात आठ-अ च्या, म्हणजे खात्यावरच्या एकूण जमिनीच्या, उताऱ्यावरचा खाते क्रमांक आणि दुसऱ्यात सातबाऱ्यावरचा गट क्रमांक घालायचा. अनेक अर्जांत हे उलटे पडलेले आहेत. क्षेत्र हेक्टरमध्ये मागितलं आहे, आणि आपण एकरात बोलतो. दोन एकर म्हणजे ८० गुंठे, सातबाऱ्यावर ते साधारण ०.८१ हेक्टर दिसतं. अर्जात नुसता '२' टाकला की दोन हेक्टर होतात, म्हणजे सातबाऱ्याच्या अडीच पट. पडताळणीत असा अर्ज परत येतो, आणि कारण म्हणून काहीतरी मोघम शब्द लिहिलेला असतो. पोटखराबा, म्हणजे लागवडीला न येणारा तुकडा, तोही बघावा, एकूण क्षेत्र आणि लागवडीयोग्य क्षेत्र यांत फरक असतो, आणि योजना लागवडीयोग्य जमिनीची आहे.

नावाची गाठ त्याहून चिवट. सातबाऱ्यावर आजोबांच्या काळापासून 'बापू', 'आबा', 'दादाराव' अशी हाकेची नावं चालत आली आहेत. आधारवर शाळेच्या दाखल्यातलं नाव. इंग्रजी अक्षरांत एकाच आडनावाची तीन रूपं होतात. पीएम किसानमधलं नाव आधारप्रमाणे करून घेता येतं, ते काम संकेतस्थळावरच होतं. सातबाऱ्यावरचं नाव मात्र तसं बदलत नाही. त्याला तहसीलचा रस्ता आहे. म्हणून आमचा सल्ला असा की आधी सातबारा हातात घ्यावा आणि आधार त्याच्याशी जुळतं का ते बघावं, कारण आधार दुरुस्त करणं त्यातल्या त्यात लवकर होतं. पण आधार बदलताना बँकेतलं नाव तिसरीकडे जाणार नाही, एवढी खबरदारी घ्यावी. तिन्ही कागद एका टेबलावर ठेवून अक्षर न् अक्षर वाचावं.

शेतकरी ओळख क्रमांकामुळे हे सगळं पुन्हा एकदा वर आलं आहे. ॲग्रिस्टॅक या शेतकऱ्यांच्या डिजिटल नोंदवहीचा हा क्रमांक महाराष्ट्रात १५ एप्रिल २०२५ पासून कृषी योजनांसाठी सक्तीचा झाला. अकरा आकडी असतो. आधारवरून नोंदणी सुरू होते, मग तुमच्या नावावरचे गट शोधून जोडायचे, आणि आधारच्या ओटीपीने सही करायची. जोडताना आधारवरचं नाव आणि सातबाऱ्यावरचं नाव किती जुळतं ते गुणांत दाखवतं. गुण कमी आले तर नोंद पडताळणीसाठी महसूलच्या माणसाकडे जाते आणि तिथे पडून राहते. इथे एक चूक फार जण करतात: एक गट जोडला की थांबतात. दुसऱ्या गावात, दुसऱ्या तालुक्यात असलेले सगळे गट जोडावेत. सामाईक खात्यात चार भाऊ असतील तर प्रत्येकाचा क्रमांक वेगळा निघतो. थोरल्याने काढला म्हणजे घराचं झालं, असं नाही. नोंदणी झाल्यावर लगेच जो क्रमांक मिळतो तो अर्जाचा असतो. खरा अकरा आकडी क्रमांक मंजुरीनंतर येतो, आणि तो आला की नाही हे आपण होऊन परत बघावं लागतं.

कुणाला भेटायचं हेही बदललं आहे. सुरुवातीला पीएम किसानचं काम महसूल खात्याकडे होतं, २०२३ पासून ते कृषी खात्याकडे आलं. जमिनीच्या नोंदींची खातरजमा तेवढी महसूलकडे राहिली. पदांची नावंही बदलली: तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात आणि कृषी सहायकाला सहाय्यक कृषी अधिकारी. गावात जुनीच नावं चालतात, अर्जावर नवी लिहावीत. नवा अर्ज तालुका, जिल्हा आणि राज्य अशा तीन पायऱ्या चढतो. कुठल्या पायरीवर आहे ते अर्जाच्या स्टेटसमध्ये दिसतं. तालुक्याने पुढे पाठवलेला अर्ज तालुक्यालाच परत विचारत बसलो तर रोज 'वरून व्हायचंय' हेच उत्तर मिळणार, आणि ते खरंही असतं.

आता बँकेकडे येऊ, कारण सगळ्यात जास्त माणसं इथे गोंधळतात. 'माझं आधार बँकेला लिंक आहे' असं प्रत्येक जण सांगतो. लिंक दोन प्रकारचं असतं. खातं उघडताना ओळखीचा पुरावा म्हणून आधार दिलं, ते बँकेच्या फायलीत गेलं. सरकारी पैसा ज्यावरून वाट शोधतो तो नकाशा मात्र वेगळा आहे. राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाकडे, म्हणजे एनपीसीआयकडे, तो असतो. त्यात तुमच्या आधारपुढे एकाच बँकेचं नाव असतं. आधारवरून येणारा हप्ता त्याच बँकेत जातो, अर्जात तुम्ही कोणताही खाते क्रमांक लिहिलेला असला तरी.

म्हणून असं होतं की जुनं खातं जिल्ह्याच्या बँकेत, तिथलं पासबुक महिन्यांमागून महिने कोरं, आणि पैसे मात्र भलत्याच खात्यात सुखरूप पडलेले. कुणी शिबिरात आलं, अंगठा घेतला, नवं खातं उघडून दिलं, आणि अनुदान या खात्यात घेण्याची संमतीही त्याच अंगठ्यात गेली. ज्या बँकेने शेवटी संमती नोंदवली ती नकाशात बसते, आधीची बाहेर पडते. हप्ता आला नाही असं सांगणाऱ्यांतल्या कितीतरी लोकांचा हप्ता असा आलेलाच असतो. एका म्हातारीचे सहा हप्ते अशा खात्यात निघाले तर तो तिच्यासाठी मोठाच पैसा असतो, खतापाण्याचा.

हे तपासायला आधारच्या संकेतस्थळावर आधार क्रमांक आणि ओटीपी टाकून आत जायचं, तिथे 'बँक सीडिंग स्टेटस' आहे. बँकेचं नाव, नोंद चालू आहे की बंद, आणि कधी झाली ती तारीख दिसते. खाते क्रमांक दिसत नाही. त्याच बँकेत दोन खाती असतील तर त्यातलं कोणतं, हे शाखेतच विचारावं लागतं. साध्या मोबाइलवरून *९९*९९*१# डायल करूनही बँकेचं नाव कळतं. बदलायचं असेल तर ज्या बँकेत पैसे हवेत तिथे आधार सीडिंगचा फॉर्म भरायचा. काउंटरवर 'आधार लिंक करा' असं म्हणू नये, ते म्हणतील लिंक आहेच. 'एनपीसीआय मॅपिंग, डीबीटीसाठी' असं म्हणावं (डीबीटी म्हणजे खात्यात थेट येणारा सरकारी पैसा), फॉर्मवर तसंच लिहावं आणि पोच घ्यावी. चार-आठ दिवसांनी पुन्हा त्याच संकेतस्थळावर बँकेचं नाव बदललं का ते बघावं. शाखेत 'झालं' म्हणाले म्हणून घरी जाऊन निजू नये.

नकाशा बरोबर असूनही पैसे परत जातात, तेव्हा खात्याचंच काहीतरी असतं. केवायसी थकल्यामुळे गोठवलेलं खातं, वर्षानुवर्षं हात न लावलेलं खातं, किंवा कागदपत्रांशिवाय उघडलेलं छोटं जनधन खातं, ज्यात सरकारी अनुदान सोडलं तर ५०,००० च्या वर शिल्लक राहू शकत नाही आणि वर्षात एक लाखाच्या वर जमा होऊ शकत नाही. सोयाबीन विकून पट्टीचे पैसे त्याच खात्यात आले की वर्षाच्या जमेची मर्यादा भरते आणि मागून येणारा हप्ता अडकू शकतो. पूर्ण केवायसी दिली की ही मर्यादा उठते.

हप्त्यांच्या यादीत जे इंग्रजी शब्द दिसतात त्यांनी घाबरून जाऊ नये. 'आरएफटी साइन्ड बाय स्टेट' म्हणजे राज्याने तुमच्या नावासह यादीवर सही करून पैसे मागितले. 'एफटीओ जनरेटेड, पेमेंट कन्फर्मेशन पेंडिंग' म्हणजे पैसे पाठवण्याचा हुकूम निघाला, बँकेकडून पोच यायची आहे. या दोन्हींत काही करायचं नसतं, थांबायचं असतं. व्यवहार फसल्याचं लिहिलं असेल तर बाजूला कारण असतं, ते जसंच्या तसं कागदावर उतरवून बँकेत दाखवावं. शंका राहिली तर १५५२६१ या मदत क्रमांकावर नोंदणी क्रमांक सांगून विचारता येतं.

आणि एक दिलासा: नाव यादीत चढलेलं आहे, अपात्र ठरलेलं नाही, फक्त केवायसी किंवा बँकेमुळे हप्ते थांबले आहेत, तर ते बुडत नाहीत. अडथळा दूर झाला की मागचे देय हप्तेही येतात, कधी दोन-तीन एकदम. त्यामुळे 'आता कशाला, गेले ते गेले' म्हणून सोडून देऊ नये.

बुडतात ते अपात्रतेमुळे. इथे नियम नीट वाचावा. कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालची, मुलं. त्यांच्यात एकालाच लाभ. दोघांच्या नावावर वेगळे सातबारे असले तरी एकच. दोघांना मिळत असेल तर आता दोघांचाही हप्ता पडताळणीसाठी रोखला जातो, म्हणून एकाने स्वतःहून लाभ सोडावा. संकेतस्थळावर तशी सोय आहे. सज्ञान मुलगा वेगळं कुटुंब. तो पुण्यात नोकरीला आहे आणि कर भरतो म्हणून बापाचा हप्ता बंद होत नाही. बाप स्वतः मागच्या करवर्षात प्राप्तिकर भरणारा असेल तर होतो. इथे फरक ओळखावा: कर भरणं आणि कर्जाच्या फायलीसाठी शून्य कराचं विवरणपत्र भरणं या दोन गोष्टी आहेत. नियमात 'कर भरलेली व्यक्ती' आहे. विवरणपत्रामुळे नाव थांबलं असेल तर त्या वर्षाची पोच, ज्यात देय कर शून्य दिसतो, ती जोडून तालुका कृषी कार्यालयात लेखी अर्ज द्यावा. सरकारी नोकर अपात्र, पण गट-ड आणि चतुर्थ श्रेणीचे पात्र. निवृत्तिवेतन महिना १०,००० किंवा जास्त असेल तर अपात्र, तिथेही चतुर्थ श्रेणीला सूट. अपात्र असताना घेतलेले हप्ते वसूल होतात. नोटीस आली तर ऑनलाइन परतीचा मार्ग आहे, पावती जपून ठेवावी.

जमिनीची तारीख हा मुद्दा सगळ्यात कडू. १ फेब्रुवारी २०१९ ला जमीन नावावर असली पाहिजे. त्यानंतर खरेदीने किंवा बक्षीसपत्राने आलेल्या जमिनीवर लाभ नाही. वडील हयात असताना केलेली वाटणी हाही मृत्यूने आलेला वारसा नव्हे, त्यामुळे तीही चालत नाही. त्या तारखेनंतर एकच दार उघडं आहे: खातेदार वारला आणि वारसाने जमीन आली.

त्या घरात कुणी हे सांगायला जात नाही, आणि तिथेच सगळ्यात जास्त नुकसान होतं. माणूस गेल्यावर त्याच्या खात्यात येणारे हप्ते काढत राहणं चूक. ते पुढे वसुलीला येतात. मृत्यूची माहिती कृषी कार्यालयात द्यावी आणि लगेच वारस नोंदीचा अर्ज करावा. तो महसूल खात्याच्या ई-हक्क प्रणालीतून ऑनलाइनही होतो. मृत्यूचा दाखला, सर्व वारसांची नावं आणि नातं, प्रतिज्ञापत्र. लेकींची नावं गाळू नयेत. गाळली की हरकत येते आणि फेरफार, म्हणजे नाव बदलाची नोंद, लटकतो. नोटिशीचे पंधरा दिवस जातात, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. २०२५ मध्ये राज्यभर राबवलेल्या जिवंत सातबारा मोहिमेत अशा पुष्कळ नोंदी निघाल्या, पण ज्या घरांनी कागद दिले नाहीत तिथे अजून मयताचंच नाव आहे.

फेरफार झाला की विधवेने किंवा मुलाने नवी नोंदणी करायची, जुन्या क्रमांकात बदल होत नाही. अर्जात जमीन १ फेब्रुवारी २०१९ नंतर मिळाली असं लिहायचं आणि कारण म्हणून खातेदाराचा मृत्यू निवडायचं. इथे चुकून 'आधी' निवडलं तर फेरफाराची तारीख जुळत नाही आणि अर्ज फेटाळला जातो. हक्क त्या चार महिन्यांपासून सुरू होतो ज्यात राज्याने नाव यादीत चढवलं. मृत्यूच्या दिवसापर्यंत मागे जात नाही. म्हणून ३१ जुलै, ३० नोव्हेंबर आणि ३१ मार्च या तीन तारखा त्या घराला सांगून ठेवाव्यात. जूनमध्ये माणूस गेला असेल तर चौदाव्याच्या आठवड्यातच अर्ज तलाठ्याकडे पोचला पाहिजे, म्हणजे नोटीस, फेरफार आणि तीन पायऱ्यांची मंजुरी धरून निदान नोव्हेंबरच्या आत नाव चढतं.